यादीतून आज्ञा, आज्ञेतून काम

सोलापूरची जकार्ड चादर सर्वदूर परिचित आहे. छिद्रांकित पुठ्ठ्यांच्या जकार्ड यंत्रावर तिची नक्षी माग ठरवीत नाही, तर पुठ्ठ्यांची माळ ठरविते. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी कोणते उभे धागे उचलावयाचे, हे एकेक पुठ्ठा सांगतो. माळ बदलली की नक्षी बदलते. माग तोच राहतो. संगणकावरही यादी आत घालून तिच्यातून आज्ञा तयार करण्याची अशीच पद्धत आहे. शेकडो फाईली हाताळणाऱ्या कार्यालयांना व शाळांना ती उपयुक्त आहे; मात्र तिच्यातील धोका ओळखणे अगत्याचे आहे.

नळीची सोय

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७३ साली युनिक्स प्रणालीत ‘पाइप’ म्हणजे नळीची सोय झाली. डग्लस मॅकिलरॉय यांची ही कल्पना केन थॉम्प्सन यांनी प्रत्यक्षात आणली. नळीमुळे एका आज्ञेचे उत्तर थेट दुसऱ्या आज्ञेला मिळते. परंतु फाईल पुसणारी ‘आरएम’सारखी आज्ञा नळीतून नावे वाचीत नाही, ती आज्ञेपुढेच लिहावी लागतात. ही उणीव ‘एक्सआर्ग्ज’ने भरून काढली. युनिक्सच्या १९७७ च्या ‘पीडब्ल्यूबी’ आवृत्तीत ती होती. नळीतून आलेली नावे ती आज्ञेपुढे मांडते आणि आज्ञा चालविते. आज्ञेच्या लांबीला मर्यादा असल्याने मोठ्या यादीचे ती गट पाडते व प्रत्येक गटासाठी आज्ञा पुन्हा चालविते.

एक नाव की दोन?

समजा, सोलापुरातील एखाद्या कार्यालयात पेठवार याद्यांच्या फाईली आहेत. त्यांतील जुन्या फाईली ‘फाइंड’ने शोधून एक्सआर्ग्जमार्फत पुसावयाच्या आहेत. शोधलेल्या नावांत ‘भवानी पेठ’ आहे. एक्सआर्ग्ज मुळात रिकाम्या जागेला दोन नावांमधील सीमा समजते. त्यामुळे ‘भवानी’ आणि ‘पेठ’ अशी दोन नावे तयार होतात. तशा फाईली नसल्यास केवळ चुकीचा संदेश येतो. पण त्याच ठिकाणी ‘भवानी’ नावाची दुसरी, कामाची फाईल असेल तर तीच पुसली जाते आणि जुनी यादी जागेवर राहते. ‘उत्तर सोलापूर’ व ‘दक्षिण सोलापूर’ या तालुक्यांच्या नावांचीही हीच गत होते.

ओळीगणिक एक नाव लिहिल्यानेही पूर्ण सुरक्षितता लाभत नाही. कारण फाईलच्या नावात नवी ओळसुद्धा असू शकते. नावात कधीच येऊ न शकणारी चिन्हे दोनच : तिरपी रेघ आणि शून्य-चिन्ह. तिरपी रेघ मार्ग दाखविण्यासाठी राखलेली आहे. म्हणून शून्य-चिन्ह हीच खात्रीची सीमा होय. फाइंडला ‘प्रिंट-शून्य’ व एक्सआर्ग्जला ‘वजा शून्य’ हे पर्याय दिले की ‘भवानी पेठ’ अखंड राहते. अनेक प्रणालींत पूर्वीपासून असलेल्या या पर्यायांना पॉझिक्स मानकात २०२४ साली स्थान मिळाले.

मजकूर आणि आज्ञा

काही जण नावे जोडून आज्ञेचा मजकूर तयार करतात आणि तो जसाच्या तसा शेलच्या स्वाधीन करतात. ही रीत अधिक घातक आहे. नावात अर्धविराम असल्यास त्यापुढील अक्षरे शेल नवी आज्ञा समजतो. एक्सआर्ग्ज नाव शेलमधून न नेता थेट आज्ञेला देते. म्हणून तेथे हा धोका उद्भवत नाही. परंतु तिच्यामार्फत शेलच चालवून त्याच्या मजकुरात नाव मिसळले, तर तो परत येतो.

आधी पाहावे, मग चालवावे

पुसण्यापूर्वी आरएमच्या जागी ‘इको’ ठेवावा व एका वेळी एकच नाव घेण्यास सांगावे. म्हणजे प्रत्येक नाव स्वतंत्र ओळीत दिसते आणि तुटलेले नाव तत्काळ लक्षात येते. ‘वजा पी’ हा पर्याय दिल्यास प्रत्येक आज्ञेपूर्वी संमती विचारली जाते. फाईलींची प्रत तर आधीच काढून ठेवावी. माळेत चुकीचा पुठ्ठा ओवला गेल्यास माग थांबत नाही. तो चुकीची नक्षी इमानाने विणतो. संगणकही तसाच आज्ञाधारक असल्याने यादी तपासण्याची जबाबदारी ती देणाऱ्यावरच राहते.