दारूची सवय आणि घरातील उपाय

वसमतच्या बाजारात हळदीची पोती उतरली की शेतकऱ्याच्या हाती वर्षाचा पैसा एकदम येतो. ज्या घरात कोणास दारूची सवय जडली आहे, त्या घराला याच दिवसांची धास्ती वाटते. मग हळदीची पूड मधातून द्यावी, कारल्याचा रस पाजावा, जाणत्याकडील चूर्ण भाजीत गुपचूप कालवावे, असे सल्ले येऊ लागतात. हळद हे वसमतचे वैभव खरे. परंतु तिने दारूची ओढ जाते असे सिद्ध झालेले नाही. चोरून दिलेले चूर्ण तर घातकच ठरू शकते. त्यात डायसल्फिरमसारखे औषध असले आणि वर दारू पोटात गेली, तर ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो व प्रसंगी जीवही जातो. हे औषध रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते.

संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. माळ घालून दारू सोडण्याची रीत वारकऱ्यांत जुनी आहे. माळकऱ्यास भजनाची सोबत मिळते, संध्याकाळ रिकामी राहत नाही. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे बळही अशा सोबतीतच आहे.

मात्र रोज पुष्कळ पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर काही तासांतच हात कापू लागतात व घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणूस बरळतो, नसलेले किडे अंगावरून झटकतो. घरच्यांस ही बाहेरची बाधा वाटते व अंगारा शोधण्यात रात्र जाते. वास्तविक हा दारू तुटल्याचा विकार असून योग्य उपचार न झाल्यास तो प्राण घेतो. म्हणून माळ घालण्यापूर्वीच सरकारी दवाखाना गाठावा. झटका आला वा भ्रम झाला तर क्षणाचाही विलंब लावू नये.

सतत पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्वाची उणीव पडते. ते डॉक्टर औषधातून देतात. घरी ज्वारीची भाकरी, वरण, उसळ, शेंगदाणे, ताक असा आहार वेळेवर द्यावा. उपाशी पोटी ओढ वाढते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. हळदीचा पैसा बँकेत दोघांच्या नावे ठेवावा. फवारणीची औषधे मात्र कुलपात असावीत. नशेच्या वा पश्चात्तापाच्या भरात माणूस तिकडे वळतो. टोमणे मारून काही साधत नाही. महिनाभर सोडलेली दारू एखाद्या लग्नात पुन्हा घेतली गेली, तरी सारे फुकट गेले असे मानू नये; दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबासही समजावून सांगितले जाते. व्यसनमुक्तीविषयीच्या विनामूल्य सल्ल्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. घरातील बाईमाणसांनीही तो फिरवावा.