गोळी पोटात जाईपर्यंत

क्षयाच्या रोग्याला सॅनिटोरियममध्ये ठेवायची गरज नाही, औषधं नियमित घेतली तर तो घरी राहूनही तितकाच बरा होतो, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ साली दाखवून दिलं. सोलापूरसारख्या कामगारांच्या शहरासाठी हे फार मोलाचं होतं. माग सोडून, बिडीचं सूप खाली ठेवून मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये वर्षभर जाऊन राहणं इथल्या किती जणांना परवडणार होतं? मात्र त्या अभ्यासातली एक गोष्ट पुढच्या काळात मागे पडली. मद्रासचे संशोधक रोग्याच्या घरी अचानक जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेल्याची खात्री करून घेत. घरच्या उपचाराला या पाठपुराव्याचा आधार होता.

१९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. औषधं मोफत होती, पण महिन्याच्या गोळ्या एकदम हातात दिल्या जात आणि कोर्स वर्ष-दीड वर्षाचा असे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस चढतं. माणसाला वाटतं, झालो बरा. त्यात बिडीची मजुरी हजार बिड्यांमागे मिळते. दवाखान्याच्या रांगेत गेलेला तास म्हणजे तेवढ्या बिड्या कमी. अशा घरातल्या बाईची पुढची फेरी चुकली तर तिला बेफिकीर म्हणणं अन्यायाचं आहे. १९९२च्या राष्ट्रीय आढाव्यात निम्म्याहून कमी रुग्ण उपचार पूर्ण करत असल्याचं दिसलं. अर्धवट औषधाने नुसता रोग उलटत नाही, जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

कुष्ठरोगाच्या कामाने यातून एक वाट आधीच दाखवली होती. १९८३पासून देशात बहुविध औषधोपचार आला, तो महिन्याच्या पाकिटातून. पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीच्या गोळ्या पाकिटावर दिवसांच्या क्रमाने लावलेल्या. अक्षरओळख नसलेल्यालाही आज कोणती गोळी घ्यायची ते कळे. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण घाबरून औषध टाकतो, हेही या कामातून उमगलं.

क्षयासाठी १९९७मध्ये ‘डॉट्स’, म्हणजे कुणाच्या तरी देखरेखीखाली औषध घ्यायची पद्धत, आली आणि मार्च २००६पर्यंत देशभर पोचली. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा, पूर्ण कोर्सचा वेगळा डबा. गोळी आशाताई, अंगणवाडीताई किंवा शेजारच्या विश्वासू माणसासमोर घ्यायची. कोर्स पुरा करून घेण्याची जबाबदारी आता यंत्रणेनेही उचलली. त्रासही होता. एक दिवसाआड, सुरुवातीला एका वेळी सात गोळ्या. २०१७मध्ये वजनानुसार रोजच्या एकत्रित गोळ्या सुरू झाल्या. पाकिटावरचा लपलेला नंबर गोळी काढली की दिसायचा आणि त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, अशीही सोय झाली. पण कॉलवरून गोळी काढल्याचं कळतं, गिळल्याचं नाही. रिकाम्या पोटी या गोळ्यांनी मळमळतं. २०१८पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४पासून १००० रुपये मिळू लागले, हे म्हणूनच मला त्या तंत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं.

क्षयासाठी इतक्या वर्षांत जे शिकलो, ते शुगर आणि बीपीच्या रुग्णाला मात्र अजून पुरतं मिळालेलं नाही. त्याच्या गोळ्या जन्मभराच्या, आणि विचारणारं कुणी नाही. सोलापुरात अडचण आणखी वाढते. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे उर्दू. आणि गोळीच्या पाकिटावर इंग्रजी. सरकारी दवाखान्यातली गोळी आणि ‘मेडिकल’मधली गोळी एकाच औषधाची असते, नावं निराळी, म्हणून दोन्ही घेतल्या जातात. आषाढीच्या वाटेवर गोळ्या संपतात, एकादशीला किंवा रोज्यात पोट रिकामं असताना शुगरची गोळी नेहमीच्याच वेळी घेतली तर साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं.

या चुका टाळायला नवं औषध लागत नाही. २०१५च्या नियमांनी रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच ठरवलं आहे. ते त्याच्या भाषेत सांगावं आणि त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्यावं. गोळीच्या पाकिटावर सूर्य-चंद्र काढून वेळ दाखवावी. घरच्यांनी सगळ्या औषधांची एकच यादी करावी, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट, आणि ती प्रत्येक डॉक्टरला दाखवावी. उपवास, रोजा किंवा वारी असेल तर डोसाची वेळ आधी विचारून घ्यावी, स्वतःच्या मनाने बदलू नये. औषधाने त्रास झाला तर ते गुपचूप बंद न करता दवाखान्यात सांगावं. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही दुष्परिणाम कळवता येतो.

क्षयाने शिकवलेला धडा शुगर-बीपीलाही लागू आहे: औषध देणाऱ्याचं काम ते हातात ठेवून संपत नाही. तुमच्या घरात रोज गोळ्या घेणारं कुणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि कोणती गोळी कशाची, कधी घ्यायची, हे त्यांच्याच तोंडून ऐका.