बीएमआय सामान्य, पण कमर किती?

उंची १६० सेंटिमीटर, वजन ५६ किलो. बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, २१.९. कुठल्याही तक्त्यात हा आकडा ‘सामान्य’ रकान्यात बसतो. तो गडचिरोलीत रोवणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्या मजुराचा असू शकतो आणि चंद्रपुरात दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराचाही. एकाच्या अंगात स्नायू अधिक, दुसऱ्याच्या पोटावर चरबी. वजनकाट्याला दोघे सारखेच.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे हे सूत्र बेल्जियमच्या ॲडॉल्फ केटले या गणितज्ञाचे, १८३२ सालचे. ‘सरासरी माणूस’ कसा असतो, हे त्यांना शोधायचे होते. एकेकाची चरबी मोजणे हा हेतूच नव्हता.

हा फरक किती असतो? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये चक्क स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! अशा निरीक्षणांमुळेच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ वरून २३ वर आणली गेली.

गडचिरोलीत तर माणसे बहुतेक किरकोळ अंगाची. तरीही ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले लकवा: सातातला साधारण एक मृत्यू. लकव्यामागे रक्तदाब, तंबाखू अशी अनेक कारणे असतात, सगळा दोष चरबीचा नाही. पण ‘आपण तर वाळके, आपल्याला काय होते’ म्हणत तपासणी टाळणे महागात पडते.

तिशीपुढच्यांचा फॉर्म भरताना आशाताई वजन नव्हे, कमर विचारतात, ते उगाच नाही. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की धोक्याचे गुण वाढतात. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरावा, श्वास सोडून. पोट आत ओढून किंवा लुगड्याच्या निऱ्यांवरून घेतलेले माप काही कामाचे नाही.

बीएमआय १८.५ च्या खाली असेल, तर मात्र काट्याचे ऐकायलाच हवे. तिथे प्रश्न पोटभर खायला मिळते का, हा असतो. आणि वजन आपोआप घटत असेल, तर क्षयाची तपासणी लगेच करायची असते.