प्रायव्हेट पायलट लायसन्स: विमान उडवा, पण सीट विकू नका

रील्सवर चार सीटचं छोटं विमान उडवणारी कॉलेजच्या वयाची मुलं तुम्ही पाहिली असतील. त्यातल्या बऱ्याच जणांकडे असतं पीपीएल, म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्स. यावर एअरलाइनमध्ये नोकरी मिळते का? नाही. त्यासाठी कमर्शियल लायसन्स लागतं आणि भारतात त्याला किमान 200 तासांचं उड्डाण हवं. पीपीएलला 40 तास पुरतात, वय किमान 17.

पीपीएल असलेला माणूस मित्रांना, आई-बाबांना बिनधास्त सोबत नेऊ शकतो. मात्र ढगात शिरून फक्त उपकरणांच्या भरवशावर उडायचं असेल तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग वेगळं घ्यावं लागतं. आणि डीजीसीएचा नियम स्पष्ट आहे: उड्डाणाचा मोबदला घ्यायचा नाही.

"मग पेट्रोलचे पैसे वाटून घेतले तर?" इथेच खरी मेख आहे. अमेरिकेत एफएए हे चालवून घेते. इंधन, ऑइल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचं भाडं सगळ्यांत वाटता येतं, पण पायलटने स्वतःचा पूर्ण वाटा भरायचाच. चौघे असाल तर निदान पाव हिस्सा त्याचा. शिवाय तिथे जायचं कारण त्याचंही हवं. तुम्हाला नुसतं सोडायला तो येऊ शकत नाही.

यावरून फ्लायटनाऊ नावाची वेबसाइट निघाली. पायलट आपली ट्रिप टाकणार, अनोळखी लोक सीट घेणार, खर्च वाटून घ्यायचा. थोडक्यात, आकाशातलं कारपूलिंग! एफएएने 2014 मध्ये नकार दिला आणि डिसेंबर 2015 मध्ये कोर्टानेही एफएएचीच बाजू उचलून धरली. म्हणणं असं, की लोकांना जाहीर बोलावलंत तर ती प्रवासी सेवा झाली आणि तिला कमर्शियल नियम लागणार.

युरोपात मात्र विंगली नावाचं ॲप अशाच खर्चवाटणीवर चालतं. तिथेही पायलटला स्वतःचा वाटा द्यावाच लागतो.

मला विचाराल तर अमेरिकेचं म्हणणं पटतं. मित्राच्या विमानात बसताना तो किती सराईत आहे, हे तुम्हाला थोडंफार ठाऊक असतं. ॲपवर दिसतात फक्त फोटो आणि स्टार. एअरलाइनच्या पायलटची वरचेवर परीक्षा होते, विमानाच्या देखभालीचे नियमही कडक असतात. प्रवाशाला यातलं काही तपासता येत नाही, म्हणून तर ते नियम आहेत.

त्यामुळे इन्स्टावर कुणी पैसे घेऊन जॉयराइड देत असेल, तर आधी विचारा: लायसन्स कुठलं आहे, आणि विमानाच्या विम्यात पैसे भरणारा प्रवासी बसतो का?