स्टुडिओकालीन प्रणयपटांतील सामाजिक प्रतिनिधित्व : ‘अछूत कन्या’ व ‘माणूस’ यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

चित्रपट हा समाजाचा आरसा आहे, असे आपण वर्गात सहजपणे सांगतो. तथापि या आरशासमोर कोणाला उभे राहू दिले गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. स्टुडिओ पद्धतीच्या काळातील प्रणयपटांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हॉलिवूडची लिखित संहिता :

हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० मध्ये स्वीकारलेली निर्मिती संहिता १९३४ पासून कठोरपणे अमलात आली. गोऱ्या व काळ्या वंशांतील प्रेमसंबंध दाखविण्यास तीत मनाई होती. पात्रनिवडीतही हा भेद दिसतो. ‘द गुड अर्थ’ (१९३७) मधील चिनी शेतकरी स्त्रीची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या लुईझ रायनर यांना मिळाली व तिला ऑस्कर पारितोषिकही लाभले.

आपल्याकडील अलिखित संहिता :

जातीविषयी अशी संहिता आपल्या निर्मात्यांनी लिहून काढली नव्हती. परंतु ती पाळली गेल्याचे दिसते. मुंबईच्या बॉम्बे टॉकीजचा, फ्रान्झ ऑस्टेन दिग्दर्शित ‘अछूत कन्या’ १९३६ चा. रेल्वे फाटकावरील अस्पृश्य रखवालदाराची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांचे प्रेम त्यात सहानुभूतीने रंगविले आहे. मात्र दोघांचेही विवाह आपापल्या जातीतच होतात आणि कस्तुरी रेल्वेखाली प्राण गमावते. शिवाय ही अस्पृश्य नायिका साकारणाऱ्या देविका राणी टागोर घराण्याशी नाते असलेल्या उच्चभ्रू कुटुंबातील होत्या.

त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलन’ या विषयावरील आपले न झालेले भाषण प्रसिद्ध करून आंतरजातीय विवाह हाच जातिभेदावरील खरा उपाय असल्याचे प्रतिपादन केले. ज्या उपायाचा त्यांनी आग्रह धरला, नेमके तिथेच चित्रपट थांबला.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘माणूस’ (१९३९) अधिक वास्तववादी आहे. बॉम्बे टॉकीजच्या प्रणयशैलीचे विडंबनही त्यात आढळते. तथापि येथेही हवालदार गणपत व वेश्या मैना यांचा विवाह होत नाही. अखेर मैना तुरुंगात जाते. म्हणजेच दोन्ही चित्रपटांत प्रेमाची किंमत मोजते ती समाजाने बाहेर ठेवलेली स्त्रीच.

निष्कर्ष :

या चित्रपटांनी वंचितांना कथेत आणले, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु सहानुभूती मिळणे म्हणजे समान स्थान मिळणे नव्हे. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) मध्ये प्रेमिक विवाह करतात व संसारही थाटतात. त्यांचा बळी अपघाताने जात नाही, मुलीचे कुटुंबीयच त्यांची हत्या करतात. कस्तुरीच्या मृत्यूत झाकला गेलेला गुन्हेगार येथे उघडपणे समोर येतो. जालन्यासारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयात हे चित्रपट शिकविताना कथा कोणाविषयी आहे, एवढेच विचारून भागणार नाही. भूमिका कोणाला मिळाली, विवाह कोणाला नाकारला गेला आणि अखेरीस कोण मेले, हे तीन प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवले पाहिजेत.