विजेच्या गिटारची जवारी

मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्याच्या डोंगराळ मुलखात तारप्याचा आवाज अपरिचित नाही. वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांतून निघणारा तो स्वर मऊ नसतो. तो भरड असतो, व त्या भरडपणातच त्याचे सामर्थ्य असते. जव्हारकडील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांस संगीत नाटक अकादमीचा २०२२ सालचा पुरस्कार लाभला, तो याच वाद्यासाठी. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो, म्हणजे घोडीचा माथा किंचित वक्र घासून तारेखाली सुताचा दोरा सरकवितो, तेव्हा त्यालाही असेच काही साधावयाचे असते. तार गुंजू लागते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे अंशस्वर जागे होतात.

रॉक संगीतातील विजेच्या गिटारचा गरजता स्वर याच जातीचा होय. मात्र तेथे जवारी घोडीवर नव्हे, तर विजेच्या प्रवाहात काढिली जाते. पोलादी तार हलली की तिच्याखालील चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात अल्प प्रवाह उत्पन्न होतो. ॲम्प्लिफायर तो वाढवितो. परंतु त्याच्या शक्तीस मर्यादा असते. ती ओलांडली की लाटेचा माथा व तळ छाटले जातात. दोन्हीकडे सारखी छाट झाली तर तिसरा, पाचवा असे विषम अंशस्वर उमटतात. कमीजास्त झाली तर दुसरा, चौथा हेही मिसळतात.

प्रथम हा यंत्राचा दोषच मानीत. पुढे १९६४ साली इंग्लंडात डेव्ह डेव्हिस याने ध्वनिक्षेपकाचा कागदी पडदा पात्याने चिरून मुद्दाम असा स्वर काढिला. मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' हा वाद्यवृंद निघाला, तोवर हा दोष अलंकार ठरला होता.

हा स्वर साधू पाहणारा नवखा वादक पदरचे पैसे खर्चून पेटी आणि पेडल घेतो, सर्व कळा अखेरपर्यंत फिरवितो, आणि तेथेच फसतो. जाणता वादक छाट वाटून घेतो. ॲम्प्लिफायर आधीच गरजत असतो. त्यापुढील ओव्हरड्राइव्ह पेडलचा 'गेन' थोडा व 'लेव्हल' अधिक ठेवितात. असे पेडल खर्जाचा भाग छाटण्यापूर्वीच आवरते. म्हणून स्वर चिखलासारखा होत नाही. मधल्या पट्टीचे स्वर काढून टाकले तर एकट्या खोलीत कानास बरे वाटते; परंतु ढोल-ताशांसारखा ड्रमचा गजर सुरू होताच गिटार हरवते. बारा इंची ध्वनिक्षेपक सेकंदास सुमारे पाच हजारांवरील कंपने बरीच गाळतो. तो वगळून तार सरळ ध्वनिमुद्रणयंत्रास जोडली, तर माशा घोंघावल्याचा भास होतो.

स्वरांची निवडही येथे बांधलेली आहे. दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर जन्मतात. षड्ज-पंचमाच्या जोडीत ते मूळ स्वरांशी जुळून येतात. गंधार मिळविताच गोंधळ माजतो. तंबोऱ्यातही बहुधा षड्ज-पंचमच असावेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शिवाय जेवढा गेन अधिक, तेवढी हाताची प्रत्येक चूकही मोठी होते. न वाजविलेली तारही बोलू लागते. म्हणून उजव्या तळव्याने तारा दाबून धरण्याचा सराव कोणत्याही पेडलहून अधिक मोलाचा आहे. मिरजेचा कारागीर दोरा केसभर सरकवितो, ऐकतो व थांबतो. कळ फिरविणाऱ्यानेही तेथेच थांबावयास शिकावे.