विश्लेषण: येशू ख्रिस्त खरंच होऊन गेले का? इतिहासकार हे कसं ठरवतात?

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' परंपरेनुसार शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ चा. पण हा काळ बरोबर आहे का? मुकुंदराज अंबाजोगाईचे की विदर्भातल्या आंभोऱ्याचे? यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. समाधीवर माथा टेकणारे मात्र त्या वादाचा निकाल लागायची वाट पाहत नाहीत.

येशू ख्रिस्तांबद्दलही इतिहासकार असेच प्रश्न विचारतात.

पुरावे कोणते?

येशूंनी स्वतः लिहिलेलं काहीही उपलब्ध नाही. सर्वांत जुनं ख्रिस्ती लिखाण म्हणजे पौलाची पत्रं, साधारण इ.स. ५० ते ६० मधली. मार्कचं शुभवर्तमान इ.स. ७० च्या आसपासचं, मत्तय आणि लूक यांची त्यानंतर दहा-वीस वर्षांनी आणि योहानचं पहिल्या शतकाच्या अखेरचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

ख्रिस्ती नसलेल्यांनीही नोंदी केल्या आहेत. ज्यू इतिहासकार जोसेफस (इ.स. ९३-९४) येशूंचा भाऊ याकोब याच्या हत्येचा उल्लेख करतो. त्याच्याच ग्रंथातल्या येशूंवरच्या उताऱ्यात मात्र पुढे ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली, असं बहुतेकांचं मत आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६ च्या सुमारास लिहितो की, पंतय पिलाताच्या काळात ख्रिस्ताला मृत्युदंड झाला.

खरं काय, हे कसं ओळखतात?

एकच गोष्ट वेगवेगळ्या, एकमेकांवर न विसंबलेल्या स्रोतांत आली, तर तिचं वजन वाढतं. अनुयायांना अडचणीची वाटेल अशी गोष्ट ते स्वतःहून रचणार नाहीत, हा दुसरा निकष. येशूंनी योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, म्हणजे गुरू मोठा की शिष्य, हा प्रश्न आलाच. तरीही ती घटना नोंदवली गेली. अर्थात, या निकषांच्या मर्यादांवरही आता बरीच चर्चा होते.

एकमत कशावर आहे?

येशू ही गालीलमधली खरी व्यक्ती होती, योहानाने त्यांना बाप्तिस्मा दिला आणि इ.स. ३० च्या सुमारास रोमनांनी त्यांना क्रुसावर चढवलं, यावर जवळपास सगळे अभ्यासक सहमत आहेत. ते देवाचं राज्य लवकरच येणार सांगणारे संदेष्टे होते की समाजाला नवी दिशा देणारे शिक्षक, यावर वाद आहे. शिष्यांचा पुनरुत्थानावर विश्वास अगदी सुरुवातीपासून होता, हे इतिहास सांगू शकतो. ते घडलं का, हा श्रद्धेचा प्रश्न.

मग 'येशू भारतात आले होते' या दाव्याचं काय?

१८९४ मध्ये निकोलाय नोतोविच यांनी लडाखच्या हेमिस मठात तसं हस्तलिखित सापडल्याचं लिहिलं. पुढच्याच वर्षी आर्चिबाल्ड डग्लस तिथे गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी असं काही नसल्याचं सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपवर हा दावा आजही फिरतो. पुढच्या वेळी तो आला, तर आधी विचारा: हे कोणी लिहिलं आणि घटनेनंतर किती वर्षांनी?

मराठीत काय वाचाल?

मूळ कथा वाचायची असेल, तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' सोप्या मराठीत आहे. बीडच्या शेजारच्या धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, २०२० मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.